मेक्सिकोचा मका आणि पंधरा वर्षांची मुदत

आडवाट (धागालेखक)

मेक्सिकोच्या मक्याला पंधरा वर्षांची मुदत दिलेली होती, ही गोष्ट नाफ्ताच्या (उत्तर अमेरिकी मुक्त व्यापार कराराच्या) वादात फारशी कोणी सांगत नाही. कराराचे समर्थक निर्यातीचे आकडे मांडतात, विरोधक देशोधडीला लागलेल्या शेतकऱ्यांकडे बोट दाखवतात, आणि दोघेही खरेच बोलत असतात. मला मात्र ती मधली पंधरा वर्षे कशी खर्ची पडली, हाच या प्रकरणातला सर्वांत शिकण्यासारखा भाग वाटतो. गेल्या काही वर्षांत भारताने ऑस्ट्रेलिया, एफ्टा (युरोपीय मुक्त व्यापार संघटना) गटातले चार देश आणि ब्रिटन यांच्याशी करार केले. त्यांतही शुल्क टप्प्याटप्प्याने उतरवण्याच्या अशाच मुदती आहेत, म्हणून हा धागा.

आधी थोडी पार्श्वभूमी. अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिको यांच्यातल्या उत्तर अमेरिकी मुक्त व्यापार करारावर १७ डिसेंबर १९९२ रोजी सह्या झाल्या आणि १ जानेवारी १९९४ पासून तो अमलात आला. १९८२ च्या कर्जसंकटातून गेलेल्या आणि १९८६ मध्ये गॅट या जागतिक व्यापार करारात दाखल झालेल्या मेक्सिकोला परकी गुंतवणूक हवी होती. आम्हाला माल निर्यात करायचा आहे, माणसे नव्हेत, असा राष्ट्राध्यक्ष कार्लोस सालिनास यांच्या युक्तिवादाचा आशय होता.

मका हा त्या वाटाघाटींतला सर्वांत नाजूक विषय होता. मक्याचे पीक मुळात माणसाळवले गेले ते मेक्सिकोत, बाल्सास नदीच्या खोऱ्यात, सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वी. तिथे मका चुन्याच्या पाण्यात शिजवून, वाटून त्याच्या तोर्तिया करतात, आणि आपल्याकडे भाकरीचे जे स्थान आहे ते तिथे तोर्तियाचे आहे. अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या शेतकऱ्याचे हेक्टरी उत्पादन मेक्सिकोतल्या ओआहाकाच्या डोंगरउतारावरच्या कोरडवाहू शेतकऱ्याच्या कित्येक पट असल्यामुळे या दोघांची थेट गाठ घालून देणे परवडणार नाही, हे वाटाघाटी करणाऱ्यांना पुरते ठाऊक होते. म्हणून शुल्क-कोट्याची तजवीज झाली. पहिल्या वर्षी २५ लाख टन मका शुल्काशिवाय येऊ द्यायचा, पुढे हा कोटा दरवर्षी तीन टक्क्यांनी वाढवायचा, आणि कोट्यावर जो मका येईल त्यावर २१५ टक्के शुल्क लावायचे. ते शुल्क हळूहळू उतरत २००८ मध्ये शून्यावर येणार होते. पंधरा वर्षांत शेतकऱ्याला पाणी, पतपुरवठा आणि दुसऱ्या पिकाचा पर्याय मिळेल, अशी कल्पना होती.

प्रत्यक्षात काय झाले? डिसेंबर १९९४ मध्ये पेसो कोसळला आणि पुढच्या वर्षी मेक्सिकोचे राष्ट्रीय उत्पादन सहा टक्क्यांहून अधिक घटले. महागाई भडकलेली असताना सरकारला स्वस्त धान्य हवे होते आणि कोंबड्या-डुकरे पाळणाऱ्या मोठ्या उद्योगांना स्वस्त चारा. त्यामुळे मका कोट्याच्या कितीतरी पुढे येत राहिला आणि त्यावरचे शुल्क सरकारने बहुतेक वर्षी वसूलच केले नाही. १९९६ मध्येच आयात कोट्याच्या दुपटीहून अधिक झाली. कागदावर जी भिंत पंधरा वर्षांत एकेक वीट काढून उतरवायची होती, ती दोन-तीन वर्षांतच निरुपयोगी झाली, आणि यासाठी वॉशिंग्टनमधून कोणी त्यांचा हात पिरगळला नव्हता.

त्याच सुमारास आधाराचे जुने खांबही काढले गेले. हमीभावाने मका विकत घेणारी आणि स्वस्त धान्यदुकाने चालवणारी कोनासुपो ही सरकारी संस्था १९९९ मध्ये बंद झाली. ती भ्रष्टाचाराने पोखरलेली होती हे खरे असले, तरी तिच्या जागी लहान शेतकऱ्याचा मका उचलणारे दुसरे कोणी आले नाही. राज्यघटनेचे २७ वे कलम १९९२ मध्येच बदलून एखिदो, म्हणजे क्रांतीनंतर गावांना मिळालेल्या सामाईक जमिनी, विकण्याची किंवा खंडाने देण्याची वाट मोकळी झाली होती. भरपाई म्हणून प्रोकांपो नावाची हेक्टरी रोख मदत सुरू झाली. मदत जमिनीच्या प्रमाणात असल्यामुळे ज्याच्याकडे जमीन अधिक त्याला पैसा अधिक, हे ओघानेच आले.

आता अमेरिकेची बाजू. करारात आयातशुल्क शून्यावर आणण्याची तारीख होती, शेतीचे अनुदान कमी करण्याची मात्र नव्हती. अमेरिकी मक्याला अनुदान मिळत राहिले, २००२ च्या कृषी कायद्याने ते आणखी पक्के झाले, आणि काही वर्षे तर अमेरिकी मका त्याच्या उत्पादनखर्चाहूनही कमी भावाने सीमा ओलांडत होता.

म्हणून मेक्सिकोची मक्याची शेती संपली, असा निष्कर्ष काढणार असाल तर थांबा. मक्याचे उत्पादन घटण्याऐवजी वाढले. सिनालोआ राज्यातल्या धरणाखालच्या मोठ्या शेतकऱ्यांनी पांढऱ्या मक्यात मोठी मजल मारली आणि तोर्तियाच्या मक्यात देश बराचसा स्वयंपूर्ण राहिला. बाहेरून येतो तो मुख्यतः पिवळा, जनावरांच्या खाद्याचा मका, आणि ती आयात आज दोन कोटी टनांच्या आसपास आहे. डोंगरातला शेतकरी घरच्यापुरता मका पेरतच राहिला, कारण पोट बाजारभाव बघून चालत नाही. वरकड मका विकून येणारा पैसा मात्र आटला. १९९३ च्या अखेरीस शेतीत सुमारे ८१ लाख लोकांना काम होते, २००२ मध्ये ते ६८ लाखांवर आले. माणसे निर्यात करायची नाहीत असे म्हणणाऱ्या देशातून अमेरिकेत विनापरवाना गेलेल्यांची संख्या २००७ मध्ये ६९ लाखांपर्यंत पोहोचली. ज्या वर्षी करार अमलात आला, त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात अमेरिकेने सान दिएगोच्या सीमेवर ऑपरेशन गेटकीपर नावाची मोहीम सुरू केली होती. माल इकडून तिकडे जावा, माणसाने जाऊ नये, ही अट करारात लिहिलेली नसली तरी पाळली जाणार होती.

शेवटची एक गोष्ट. जानेवारी २००७ मध्ये मेक्सिको सिटीत तोर्तियाच्या भाववाढीविरुद्ध हजारो लोक रस्त्यावर उतरले, आणि राष्ट्राध्यक्ष काल्देरोन यांना किलोला साडेआठ पेसोंची मर्यादा घालणारा समझोता व्यापाऱ्यांबरोबर करावा लागला. अमेरिकेत इथेनॉलसाठी मका वळू लागल्याने भाव चढले होते आणि मधल्या साठेबाजांनी त्यात भर घातली होती. स्वस्त मका मिळणार म्हणून घरची व्यवस्था मोडल्यावर तोच मका महाग झाला.

मला वाटते ते एवढेच. करारातली मुदत हा दुबळ्या देशाला मिळालेला सर्वांत मौल्यवान भाग असतो, आणि तो गमावण्यासाठी श्रीमंत देशाने कपट करण्याची गरज नसते. सदस्यांची मते वाचायला आवडतील, विशेषतः वेगळी असतील तर.

प्रतिसाद १ : जोंधळा

लेख आवडला, पण निष्कर्षात सारा दोष मेक्सिकोच्या सरकारवर टाकून आपण दुसऱ्या बाजूला फार स्वस्तात सोडले आहे. मका विकायला बसलेला शेजारी, पेसो कोसळल्यावर त्याच शेजाऱ्याने आणि नाणेनिधीने उभे केलेले सुमारे पन्नास अब्ज डॉलरचे पाठबळ, आणि देशातले मांसउद्योग, या तिघांच्या कैचीत सापडलेल्या सरकारने शुल्क वसूल केले नाही, याला निवड म्हणायचे की अगतिकता? कागदावरचा अधिकार वापरण्याइतके बळ अंगी नसेल, तर तो अधिकार करारात लिहिला काय आणि न लिहिला काय.

मेक्सिकोच्या दक्षिणेकडच्या चियापास राज्यातल्या शेतकऱ्यांना हे आधीच कळले होते, असे म्हणायला जागा आहे. १ जानेवारी १९९४ च्या पहाटे तिथल्या सापातिस्त बंडखोरांनी सान क्रिस्तोबाल दे लास कासास हे शहर ताब्यात घेतले ते काही योगायोगाने त्या तारखेला नव्हे. त्यांच्या तक्रारींत जमीन पहिली होती, आणि २७ व्या कलमातला बदल त्यांना करारापासून वेगळा वाटत नव्हता. मलाही तो वेगळा वाटत नाही.

प्रतिसाद २ : रानवारा

मी मेक्सिकोतल्या केरेतारो शहरात वाहनांचे सुटे भाग करणाऱ्या एका कारखान्यात तीन वर्षे काम केले आहे, त्यामुळे नाण्याची दुसरी बाजू मांडतो. केरेतारो, ग्वानाह्वातो आणि आग्वासकालिएन्तेस या पट्ट्याला बाहिओ म्हणतात. तिथे आज जी कारखानदारी दिसते, ती या कराराशिवाय एवढ्या प्रमाणावर उभी राहिली असती असे मला वाटत नाही. १९९३ मध्ये अमेरिका मेक्सिकोकडून सुमारे ४० अब्ज डॉलरचा माल घेत होती, २०२३ मध्ये तो आकडा ४७५ अब्जांच्या घरात गेला, आणि त्या वर्षी चीनला मागे टाकून मेक्सिको अमेरिकेचा सर्वांत मोठा पुरवठादार झाला. आमच्या कारखान्यातले तरुण अभियंते त्याच भागातल्या सरकारी तंत्रविद्यापीठांतून आलेले होते आणि अनेकांचे आजोबा एखिदोवर मका पिकवणारे होते.

मात्र मजुरीबद्दल बोलताना तिथला कोणीही आवाज खाली आणत असे. निर्यात दहापट होऊनही कारखान्यातल्या कामगाराची खरी कमाई वर्षानुवर्षे जवळजवळ जागच्या जागीच राहिली. चीन २००१ च्या डिसेंबरात जागतिक व्यापार संघटनेत आला आणि सीमेलगतच्या माकिलादोरा, म्हणजे आयात सुटे भाग जोडून माल निर्यात करणाऱ्या, कारखान्यांतली बरीच कामे तिकडे गेली, हे एक कारण झाले. दुसरे कारण घरचेच होते. तिथे ‘संरक्षण करार’ नावाचा प्रकार असे: कारखान्यात पहिला कामगार रुजू होण्याआधीच मालक एखाद्या कागदी संघटनेशी वेतनकरार करून मोकळा होई, आणि आपली संघटना कोणती हे कामगाराला पुढे कधीतरी कळे.

नाफ्ताच्या जागी १ जुलै २०२० पासून जो नवा करार आला, मेक्सिकोत ज्याला ते-मेक म्हणतात, त्याने नेमके इथे हात घातला. शुल्कमाफी हवी असेल तर मोटारीच्या किमतीचा ७५ टक्के भाग याच तीन देशांत तयार झालेला हवा, आणि ४० ते ४५ टक्के भाग तासाला सरासरी किमान सोळा डॉलर मिळवणाऱ्या कामगारांच्या हातचा हवा, अशा अटी आल्या. कामगारहक्कांच्या तक्रारीवर एकेका कारखान्यापुरती तातडीची कारवाई करण्याचीही सोय झाली. ग्वानाह्वातो राज्यातल्या सिलाओ इथल्या जनरल मोटर्सच्या कारखान्यात २०२१ मध्ये मतपत्रिका नष्ट केल्याचे प्रकरण या कलमाखाली पुढे आले, मतदान पुन्हा झाले, कामगारांनी जुना करार फेटाळला आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये स्वतंत्र संघटना निवडून दिली. हे कलम अमेरिकेने आपल्या कामगारांच्या भल्यासाठी घातले, मेक्सिकोच्या प्रेमापोटी नव्हे, हे मान्य. सिलाओच्या कामगाराला त्याने काय फरक पडतो?

प्रतिसाद ३ : द्राक्षमळा

आमची निफाड तालुक्यात द्राक्षबाग आहे आणि आम्ही बरीच वर्षे युरोपला माल पाठवतो, म्हणून मला आयातशुल्कापेक्षा नियमांविषयी सांगायचे आहे. शुल्क किती टक्के आहे हे आधी कळते, त्याचा हिशेब मांडता येतो. जी गोष्ट सांगून येत नाही ती निराळीच असते. २०१० च्या हंगामात क्लोरमेक्वाट क्लोराईडच्या अंशांवरून भारतीय द्राक्षांचे कंटेनर युरोपात अडकले. ते वाढनियंत्रक आमच्याकडे सर्रास वापरले जात होते आणि त्याची तपासणी आमच्या यादीत नव्हती. त्या वर्षी तालुक्यात किती जणांची कर्जे थकली हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. तेव्हाही शुल्क होते तेवढेच होते; माल अडला तो प्रयोगशाळेत.

मेक्सिकोच्या ॲव्होकाडोची गोष्ट याच जातीची आहे. बियांतल्या किडीचे कारण देऊन अमेरिकेने १९१४ मध्ये मेक्सिकोचे ॲव्होकाडो बंद केले. नाफ्ता आल्यानंतरही ते लगेच उघडले नाही. १९९७ मध्ये फक्त मिचोआकान राज्यातल्या ठरावीक बागांचा माल, फक्त ईशान्येकडच्या एकोणीस राज्यांत आणि फक्त थंडीच्या महिन्यांत जाऊ लागला. कॅलिफोर्निया आणि फ्लोरिडा या खुद्द ॲव्होकाडो पिकवणाऱ्या राज्यांत तो पोहोचायला २००७ उजाडले. शुल्क शून्यावर आणायला जेवढी वर्षे लागली त्याच्या जवळपास तेवढीच वर्षे कीड तपासण्यात गेली. आणि उघडल्यावर? आज अमेरिकेत आयात होणारा बहुतेक ॲव्होकाडो मेक्सिकोचाच असतो.

आपल्या आंब्याने तर कराराशिवायच हा अनुभव घेतला आहे. अमेरिकेचा बाजार १९८९ पासून बंद होता. २००७ मध्ये तो उघडला तो लासलगावच्या ‘कृषक’ विकिरण केंद्रातून आंबा गेल्यावर. त्या केंद्राचा एक मुख्य हेतू कांद्याला कोंब येऊ नयेत हा होता! त्याच सुमारास भारताने हार्ले-डेव्हिडसनच्या आयातीची वाट मोकळी केली, त्यामुळे आंब्याच्या बदल्यात फटफटी असा तो सौदा गाजला. विकिरणाच्या वेळी अमेरिकी निरीक्षक हजर असणे बंधनकारक होते, म्हणून करोनाच्या काळात निरीक्षक येऊ शकले नाहीत आणि दोन हंगाम आंबा गेलाच नाही. पुढे मे २०१४ मध्ये युरोपने फळमाशीवरून हापूस अडवला, तो जानेवारी २०१५ मध्ये सोडला. तेव्हा कराराची पाने उलटताना माझी नजर आधी शुल्काच्या तक्त्यावर जात नाही. एकमेकांच्या प्रयोगशाळांचे दाखले मान्य होणार की नाही, हे कोणत्या प्रकरणात आहे ते मी शोधतो.

प्रतिसाद ४ : तराजू

मी कायद्याच्या बाजूने तीन मुद्दे जोडतो.

पुष्कळांना प्रश्न पडतो की दुबळ्या देशाने आपली नाजूक पिके सरळ बाहेर का ठेवू नयेत. गॅटच्या २४ व्या कलमानुसार असा करार वैध ठरण्यासाठी उभयतांमधला ‘जवळजवळ सर्व व्यापार’ त्यात यावा लागतो. आपसात करार करणाऱ्या विकसनशील देशांना १९७९ च्या सवलतीच्या कलमामुळे बरीच मोकळीक मिळते. श्रीमंत देश पलीकडे असला की ती मिळत नाही. ‘जवळजवळ सर्व’ म्हणजे किती, हे कुठेच पक्के लिहिलेले नसल्यामुळे तेवढ्या फटीत सगळी घासाघीस चालते. भारताने ऑस्ट्रेलिया, एफ्टा आणि ब्रिटन या तिन्ही करारांत दुग्धव्यवसाय बाहेर ठेवला तो याच फटीतून. मेक्सिकोला ते शक्य होते का, यावर दुमत असू शकते. कॅनडाने मात्र त्याच नाफ्तात आपले दूध आणि कोंबड्या बऱ्याच अंशी बाहेर ठेवल्या, ही वस्तुस्थिती आहे.

दुसरा मुद्दा उगमाच्या नियमांचा. हा भाग रुक्ष असल्यामुळे कोणी वाचत नाही आणि पैसा नेमका तिथे मुरतो. नाफ्तात कपड्यांसाठी ‘सुतापासून पुढे’ असा नियम होता, म्हणजे मेक्सिकोत शिवलेल्या पँटला शुल्कमाफी हवी असेल तर तिचे सूतसुद्धा तीन देशांपैकी एकात कातलेले हवे. मेक्सिकोकडे तेवढ्या सूतगिरण्या नव्हत्या, मग सूत आणि कापड अमेरिकेतून येऊ लागले आणि मेक्सिकोकडे राहिली ती शिलाई. १९९० च्या दशकाच्या अखेरीस मेक्सिको अमेरिकेचा आघाडीचा कपडे-पुरवठादार झाला खरा, पण २००५ मध्ये कापडव्यापारातले जुने जागतिक कोटे उठताच नुसत्या शिलाईवर उभी असलेली ती आघाडी टिकली नाही. इथे भारताची स्थिती निराळी आहे. आपल्याकडे विदर्भातल्या कापसापासून इचलकरंजीच्या मागापर्यंत सगळी साखळी घरचीच असल्यामुळे कडक उगमनियम आपल्याला उलट फायद्याचा ठरू शकतो. ब्रिटनमध्ये आपल्या कपड्यांवर १२ टक्क्यांपर्यंत शुल्क लागत असे, तर बांगलादेशाचा माल शून्य शुल्काने जात असे. २४ जुलै २०२५ रोजी सही झालेल्या कराराने ही तफावत मिटवण्याचे ठरले आहे.

तिसरा मुद्दा गुंतवणूकदारांच्या दाव्यांचा. नाफ्ताच्या ११ व्या प्रकरणाने परकी कंपनीला थेट सरकारविरुद्ध लवादाकडे जाण्याचा हक्क दिला. सान लुईस पोतोसी राज्यातल्या ग्वादाल्कासार या लहानशा नगरपालिकेने मेटालक्लॅड या अमेरिकी कंपनीला घातक कचऱ्याच्या भरावासाठी बांधकामपरवाना नाकारला, आणि २००० मध्ये लवादाने मेक्सिकोला १ कोटी ६६ लाख डॉलरहून अधिक भरपाई द्यायला लावली. नगरपालिकेने परवाना नाकारला आणि पैसे भरले देशाने. नव्या करारात अमेरिका-कॅनडापुरती ही तरतूद रद्द झाली आणि मेक्सिकोपुरती आखडली. भारताने २०१६ च्या नमुना गुंतवणूक करारात आधी पाच वर्षे भारतीय न्यायालयांत दाद मागण्याची अट घातली, ती व्हाइट इंडस्ट्रीज या ऑस्ट्रेलियी कंपनीने लवादात भारताविरुद्ध जिंकलेल्या प्रकरणात २०११ मध्ये हात पोळल्यानंतर.

प्रतिसाद ५ : पाटाचे पाणी

सर्वांचे लेखन वाचले, आणि एक गोष्ट खटकली. मका स्वस्त झाल्याने ज्यांचे भले झाले त्यांच्याविषयी कोणी बोलत नाही. शहरातल्या गरीब कुटुंबाच्या ताटात अंडी आणि कोंबडी आली, ती स्वस्त पिवळ्या मक्यामुळेच. शेतकऱ्याला चांगला भाव आणि शहरातल्या मजुराला स्वस्त अन्न, या दोन मागण्या एकमेकींच्या आड येतात, आणि मेक्सिकोच्या सरकारने पेसो कोसळल्यावर दुसरी निवडली. मी त्या खुर्चीत असतो तर वेगळे केले असते, असे छातीठोकपणे सांगू शकत नाही.

प्रतिसाद ६ : आडवाट

जोंधळा, आपला आक्षेप मी बऱ्याच अंशी मान्य करतो. १९९५ मध्ये सरकारचे हात बांधलेले होते. परंतु १९९७ नंतर अर्थव्यवस्था सावरली, त्यानंतरही शुल्क-कोटा पूर्ववत झाला नाही. तोपर्यंत स्वस्त मक्यावर उभा राहिलेला मांसउद्योग इतका मोठा झाला होता की कोटा पुन्हा लावा म्हणणारा पक्षच उरला नव्हता. अगतिकतेने घेतलेल्या निर्णयाभोवती हितसंबंधांची वस्ती झाली की तो निर्णय कायमचा होतो, आणि मला भीती आहे ती याची.

पाटाचे पाणी, आपण म्हणता ती ओढाताण खरीच आहे, आणि ती बघायला आता मेक्सिकोपर्यंत जायची गरज उरलेली नाही. भारतातही मक्यावर शुल्क-कोटा आहे: पाच लाख टनांपर्यंत १५ टक्के आणि त्यापुढे ५० टक्के. इथेनॉलसाठी मका वळू लागल्यावर कालपर्यंत निर्यात करणाऱ्या आपल्या देशाला २०२४ मध्ये म्यानमार आणि युक्रेनमधून मका आणावा लागला. कुक्कुटपालन उद्योगाने शुल्कमुक्त आयातीची मागणी केली. त्या मागणीत वावगे काही नाही, त्यांचे खाद्य महागले आहे. पण अमेरिका आपल्याशी बोलताना मक्याचा विषय काढते तेव्हा देशाच्या आतून तिला साथ देणारा आवाज आधीच तयार असतो, हे लक्षात ठेवलेले बरे. मराठवाड्यातल्या आणि खानदेशातल्या मका-उत्पादकाचा आवाज त्यामानाने विखुरलेला आहे.

तराजू, कॅनडाच्या दुधाचा मुद्दा माझ्या लेखात यायला हवा होता. तिथल्या दूधउत्पादकांची संघटित ताकद आणि क्वेबेकचे राजकारण यांमुळे ते जमले. मेक्सिकोच्या मका-उत्पादकांत बहुसंख्य लोक मूळनिवासी, डोंगराळ भागातले आणि राजधानीपासून दूर होते. वाटाघाटींच्या दालनाबाहेर त्यांचे कोणी उभे नव्हते.

प्रतिसाद ७ : जोंधळा

कराराने निदान नियमांची हमी तरी मिळते, असा सूर वरच्या एक-दोन प्रतिसादांत आहे, म्हणून पुन्हा लिहितो. मेक्सिकोचे मालट्रक २००० सालापर्यंत अमेरिकेत सर्वत्र चालू द्यायचे, असे नाफ्तात लिहिलेले होते. अमेरिकेने १९९५ च्या डिसेंबरात, सुरक्षिततेचे कारण देऊन, पहिला टप्पाच रोखला. मेक्सिको लवादात जिंकला, तरी ट्रक सीमेवरच राहिले. शेवटी २००९ मध्ये मेक्सिकोने सुमारे २.४ अब्ज डॉलरच्या अमेरिकी मालावर शुल्क लावले, तेव्हा कुठे २०११ मध्ये तडजोड झाली.

जून २०१८ मध्ये राष्ट्रीय सुरक्षेच्या नावाखाली मेक्सिकोच्या पोलादावर २५ टक्के शुल्क आले, त्या वेळी नाफ्ता अमलात होता. मार्च २०२५ मध्ये मेक्सिकोच्या सर्व मालावर २५ टक्के शुल्क जाहीर झाले, त्या वेळी नवा करार अमलात होता, आणि त्यावर सही करणारे राष्ट्राध्यक्षही तेच होते. दोन-तीन दिवसांत करारात बसणारा माल वगळला गेला, हे प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे. जुलै २०२५ मध्ये टोमॅटोवरचा १९९६ पासून चालत आलेला समझोता मोडून अमेरिकेने १७.०९ टक्के शुल्क बसवले. तो टोमॅटो बराचसा त्याच सिनालोआतून येतो, जिथल्या मोठ्या बागायतदारांना धागालेखकांनी कराराच्या लाभार्थींत धरले आहे.

प्रतिसाद ८ : रानवारा

जोंधळा, वगळला गेलेला तो माल आमच्यासाठी फार मोठी गोष्ट होती. मी तोवर भारतात परतलो होतो, पण जुन्या सहकाऱ्यांशी बोलणे चालू होते. त्याआधी बरेच कारखाने उगमाचे दाखले काढण्याच्या भानगडीतच पडत नसत, कारण साधे शुल्क अडीच टक्क्यांच्या आसपास असताना कागदपत्रांचा खटाटोप परवडत नसे. शुल्क २५ टक्क्यांवर गेल्याबरोबर सगळ्यांची दाखल्यांसाठी धावपळ उडाली. माझ्या जुन्या विभागात एक वयस्क बाई उगमाची कागदपत्रे सांभाळीत आणि इतकी वर्षे त्यांच्या टेबलाकडे कोणी फिरकत नसे. त्या महिन्यात व्यवस्थापक स्वतः खुर्ची ओढून त्यांच्या शेजारी बसत होते, असे मला कळले. या कराराचा पहिला संयुक्त फेरविचार जुलै २०२६ साठी ठरवण्यात आला होता. बाईंची निवृत्ती त्यामुळे लांबवली, असे सहकारी सांगतात.